पोटात देत नाहीत

दीपमाला सपकाळे आमच्या धुळ्याच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायला आली, तेव्हा मला तिथं वनस्पतिशास्त्र शिकवून अठरा वर्षं झाली होती. वयात एवढं अंतर असूनही आमचं जमलं. डबा आम्ही एकत्र खायचो. ती भुसावळची. तिचे वडील पितांबर सपकाळे रेल्वेत ट्रॅकमन होते. तीस-बत्तीस वर्षं रुळांवर वाकून काम केलं आणि निवृत्त झाले तेव्हा दोन्ही गुडघे कामातून गेले होते. विहाराच्या पायऱ्या चढताना त्यांना भिंत धरावी लागायची. दीपमाला महिन्यातून दोनदा घरी जायची आणि परत आली की आधी त्यांच्या गुडघ्यांचं सांगायची, मग बाकीचं.

म्हणून पीएच.डी.चा विषय ठरवायची वेळ आली तेव्हा ती आमच्या गिरधर सरांना म्हणाली, "सर, सांधेदुखीवरची एखादी वनस्पती द्या मला." गिरधर सर तिचे मार्गदर्शक. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली. माणूस सज्जन, विद्यार्थ्याचं काम कुठं अडू नये म्हणून स्वतः विद्यापीठात खेपा घालणारा. नंतर बऱ्याच जणांनी मला विचारलं की चूक नेमकी कोणाची होती. तिघांची होती. त्यांत एक मी.

वनस्पती शोधून देणं माझ्याकडे आलं. पिंपळनेरच्या पलीकडे, डोंगराला लागून जे पाडे आहेत, तिथल्या ताईबाईचं नाव मी ऐकून होते. सत्तरी गाठलेली बाई. कान फुटला, हाड मोडलं, अंगावर गाठ आली की आजूबाजूची माणसं तिच्याकडे यायची. भाद्रपदात एका रविवारी आम्ही दोघी एसटीनं पिंपळनेरला आणि तिथून जीपनं वर गेलो.

ताईबाई अंगणात नागली पाखडत होती. तिचा नवरा हिलालभाऊ दारात बसून दोर वळत होता. आम्ही कशासाठी आलो ते ऐकून तिनं सूप बाजूला ठेवलं, कोयता घेतला आणि काही न बोलता चालायला लागली. त्या वयातही चढावर तिचा वेग आम्हाला झेपत नव्हता. नाल्याच्या काठावर तिनं एक वेल दाखवली. पेरापेराला गाठी, पानं जाड, दुधाळ. तिकडे तिला गाठेल म्हणतात. ताईबाईनं मुळी खणून काढली, घरी आणून पाट्यावर वाटली, तव्यावर कोमट केली आणि हिलालभाऊंच्या गुडघ्याला लावून दाखवली.

"हाई मुळी फकत वरतून लावानी," ती म्हणाली. "पोटमा देतस नही."

"का अक्का?" दीपमालानं विचारलं.

"मन्ही सासूनी सांगेल शे. शेळी बठ्ठं खास, पन हाऊ पाला तोंडमा धरस नही."

शेळी सगळं खाते पण हा पाला तोंडात धरत नाही, हेही दीपमालानं वहीत लिहून घेतलं. माझ्यासमोर लिहिलं. ताईबाई तिच्या पेनाकडे बघत होती.

"लिखीसन काय करशी?"

"छापणार, अक्का. तुमचं नाव घालून."

ताईबाईनं पदर तोंडाला लावला. हिलालभाऊ हसले. मग तिनं स्वतःचं नाव नवऱ्याच्या नावासकट, पाड्याच्या नावासकट सावकाश सांगितलं, लिहिणारीची चूक होऊ नये म्हणून. आम्ही निघालो तेव्हा तिनं मुळ्यांचं एक गाठोडं दीपमालाच्या हातात दिलं.

पुढची दोन वर्षं दीपमालाची प्रयोगशाळेत गेली. मुळ्या सावलीत वाळवायच्या, दळायच्या, मग काचेच्या उपकरणात तासन् तास मिथेनॉल फिरवून त्यातला अर्क उतरवायचा. खाली तळाशी तपकिरी, चिकट काकवीसारखा थर उरायचा. त्यातून ती एकेक घटक वेगळा करायची. जांभळ्या दिव्याखाली पट्टीवर निळे ठिपके उजळले की मला बोलावून दाखवायची. मला त्यातलं फार कळायचं नाही, पण तिचा चेहरा बघायला मी जायची.

मग उंदरांवरचा प्रयोग झाला. रीतसर परवानगी घेऊन. पंजाला सूज आणायची, अर्क द्यायचा आणि सूज किती उतरते ते मोजायचं. अर्क नळीनं तोंडातून द्यायचा, कारण पद्धतच तशी आहे, मात्रा नेमकी मोजता येते. तीन तासांत सूज निम्म्यावर आली. त्या दिवशी ती मला वर्गातून बोलवायला आली, आणि मी बाहेर आल्यावर नुसती आकड्यांचा कागद धरून उभी राहिली.

शोधनिबंध लिहिताना पहिल्या परिच्छेदात तिनं ताईबाईचं वाक्य घातलं होतं: स्थानिक लोक या मुळीचा फक्त लेप करतात, पोटात देत नाहीत. गिरधर सरांनी त्याखाली पेन्सिलनं रेघ मारली.

"हे ठेवलं तर परीक्षक विचारतील, मग तुम्ही तोंडातून का दिलं? त्याचं उत्तर देताना सहा महिने जातील. सांधेदुखीवर पारंपरिक वापर, एवढं पुरे आहे. विषारीपणाची तपासणी आपण पुढच्या निबंधात करणारच आहोत."

ती कागद घेऊन माझ्याकडे आली. मी उत्तरपत्रिका तपासत होते.

"मॅडम, काढू का?"

"काढ," मी म्हणाले. मान वर करूनसुद्धा बघितलं नाही.

निबंध गेल्या वर्षी जानेवारीत छापून आला. तिचं नाव, माझं नाव, सरांचं नाव. शेवटी आभारात ताईबाईचं पूर्ण नाव आणि पाड्याचं नाव, तिनं सांगितलं होतं तस्सं. महाविद्यालयात पेढे वाटले. एका स्थानिक वर्तमानपत्राचा बातमीदार येऊन गेला. दीपमालानं त्याला तीनदा सांगितलं की हे उंदरांवर झालंय, माणसांवर अजून काही नाही. बातमी आली ती अशी: 'खान्देशच्या डोंगरातली वेल सांधेदुखीवर गुणकारी, धुळ्याच्या संशोधिकेचा शोध'. उंदरांचा उल्लेख कुठं नव्हता. खाली ताईबाईचं आणि पाड्याचंही नाव होतं, जडीबुटीची जाणकार म्हणून.

पितांबरभाऊंनी ते कात्रण प्लास्टिकच्या पाकिटात घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. स्टेशनजवळ चहाला जायचे तिथं दाखवायचे. "पोरीनं लावला शोध," म्हणायचे. ऐकणारा विचारायचा, औषध कधी येणार? ते म्हणायचे, येईल, सरकारी काम असते, टाइम लागते.

मार्चमध्ये आग्रा रोडवरच्या एका दुकानात मी एक पुडी बघितली. गाठेलीचं चूर्ण, सकाळी कोमट पाण्यातून एक चमचा. पुडीवर तेच कात्रण बारीक करून छापलेलं, आणि वर 'संशोधनाने सिद्ध'. बन्सीलाल नावाचा जडीबुटीचा व्यापारी ते बनवत होता. मी पुडी दीपमालाला आणून दाखवली. तिनं लगेच फोन लावला.

"मॅडम, मी तर तुमचीच जाहिरात करतो आहे," बन्सीलाल म्हणाला. "नाव तुमचं, गाव तुमचं. रागावता कशाला?"

आम्ही सरांना सांगितलं. सर म्हणाले, औषध प्रशासनाला पत्र लिहू. मसुदा मी करायचा ठरला. मग परीक्षा आल्या, पेपरतपासणी आली, माझ्या भाच्याचं लग्न आलं. पत्र मी लिहिलं नाही. यापुढे त्याला मी काही कारण जोडणार नाही.

जूनमध्ये दीपमाला भुसावळहून आली ती खुशीत होती. "बाबा विहाराच्या पायऱ्या हात न लावता चढले, मॅडम. रेल्वे दवाखान्याच्या गोळ्या लागू पडल्या शेवटी." मलाही बरं वाटलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिच्या आईचा, केसरबाईंचा फोन आला. बाबांचे डोळे पिवळे झालेत, जेवण जात नाही. आधी भुसावळला दाखवलं, तिथून जळगावच्या एका दवाखान्यात हलवलं. डॉ. मेघा म्हणून तिथं तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी सगळे प्रश्न विचारले. दारू? कधीच नाही, केसरबाई म्हणाल्या. बाहेरचं पाणी, जुनी कावीळ, रक्त चढवलेलं? नाही.

"काही झाडपाल्याचं औषध? चूर्ण, काढा?"

पितांबरभाऊंनी एकदा बायकोकडे बघितलं. "नाही," ते म्हणाले.

दीपमाला तिथंच उभी होती. नाही म्हणाले म्हणजे नाही, असं तिनं धरलं. काविळीच्या सगळ्या तपासण्या झाल्या, त्यांत विषाणू कुठला सापडेना. यकृताचे आकडे मात्र रोज चढत होते.

पाचव्या दिवशी मी धुळ्याहून जळगावला गेले. पारोळ्यापर्यंत पाऊस होता, पुढे कोरडं. दवाखान्याच्या व्हरांड्यात केसरबाई बाकावर बसल्या होत्या, मांडीवर कापडी पिशवी. मला बघून उठल्या, दीपमालाला हाताला धरून कोपऱ्यात घेऊन आल्या आणि मलाही थांबा म्हणाल्या.

"ते म्हणे, पोरीले सांगू नको. शप्पत घातली मले," त्या म्हणाल्या. "पण आता ते मले वळखत नाही मधूनमधून. मंग मी शप्पत कोणाची पाळू?"

पिशवीतून त्यांनी अर्धी संपलेली पुडी काढली. बन्सीलालची. पितांबरभाऊंचे रेल्वेतले सोबती जीवराम चैत्रात धुळ्याला गेले होते, त्यांनी मित्राच्या मुलीचं नाव बघून चार पुड्या आणल्या होत्या. जीवरामना कडू लागलं, आठवड्यात सोडून दिलं. पितांबरभाऊंनी तीन महिने रोज एक चमचा घेतलं. गुडघे दुखायचे खरंच थांबले होते.

दीपमालानं पुडी उलटी करून स्वतःचं नाव वाचलं. मग ती आत गेली. मी दारापर्यंत गेले आणि तिथंच थांबले.

त्या वेळी ते शुद्धीवर होते. डोळे हळदीसारखे पिवळे, ओठांना पापुद्रे.

"बाबा, चूर्ण घेत होते तुम्ही?"

त्यांनी डोळे मिटले. "गुडघे चांगले झाले होते वं."

"मला विचारायचं तरी."

"तुह्यं नाव होतं त्याच्यावर. मंग काय विचारायचं?"

दीपमालानं त्यांचा हात हातात घेतला. मग हळू म्हणाली, "ते पोटात घ्यायचं नव्हतं, बाबा. नुसतं वरून लावायचं होतं."

"तसं कुठी लिहेल नव्हतं," ते म्हणाले. तक्रार म्हणून नाही म्हणाले. एखादा माणूस आपण सूचना नीट वाचल्या होत्या असं सांगतो, तसं म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा बोलले, "डॉक्टरीणबाईले सांगू नको. तुह्यं काम बंद व्हईल."

तिनं लगेच बाहेर येऊन डॉ. मेघांना सगळं सांगितलं, पुडी दिली. पहिल्या दिवशी कळलं असतं तर काही फरक पडला असता का, हेही विचारलं. डॉ. मेघांनी खोटा धीर दिला नाही. "सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "कदाचित वेळेत मुंबईला पाठवलं असतं. कदाचित तरीही हेच झालं असतं."

नवव्या दिवशी सकाळी पितांबरभाऊ गेले.

भुसावळला आम्ही सगळे गेलो होतो. गिरधर सरही. वंदना झाली. माणसं बरीच होती, रेल्वेतली, विहारातली. जीवराम अंगणाच्या भिंतीला टेकून उकिडवे बसले होते. दीपमाला त्यांच्याजवळ गेली तर ते तिच्याकडे बघेनात.

"मी आणून दिलं," ते म्हणाले.

ती त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. "काका, तुम्ही माझं नाव वाचून आणलं ना," एवढंच म्हणाली. कुणीतरी पाणी आणून दिलं, ते दोघांनी घेतलं नाही.

पंधरा दिवसांनी ती कामावर आली. पहिल्याच दिवशी तिनं कपाटातून क्षेत्रभेटीची वही काढली आणि माझ्या टेबलावर उघडी ठेवली. भाद्रपदातली ती तारीख, तिच्या अक्षरात ताईबाईची वाक्यं, शेळीचंसुद्धा. मी ते पान वाचलं आणि वही तशीच उघडी ठेवली.

त्याच आठवड्यात साक्रीकडची बातमी आली. चूर्ण घेऊन तिघं आजारी पडले होते, त्यांतली एक बाई वारली. वर्तमानपत्र तेच. या वेळी ताईबाईला त्यांनी भोंदू म्हटलं होतं. बन्सीलालच्या पुडीवर, कात्रणात, तिचं आणि पाड्याचं नाव होतंच. लोकांना ती कुठं राहते ते शोधावं लागलं नाही.

आम्ही तिघं पिंपळनेरला गेलो. पोलीस ठाण्यात कळलं की ताईबाईला दोन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं होतं. बन्सीलालनं जबाबात सांगितलं होतं की कृती तिचीच आहे. दीपमालानं वही साहेबांसमोर ठेवली आणि लिहून दिलं: या बाईंनी आम्हाला मुळी पोटात देऊ नये असं स्पष्ट सांगितलं होतं, आम्ही ते छापलं नाही. खाली तिनं सही केली. मी केली. गिरधर सरांनी पेन हातात घेऊन कागद पुन्हा एकदा वाचला. चौतीस वर्षं नोकरी झाली होती त्यांची. मग त्यांनीही सही केली आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले.

तिथून दीपमाला आणि मी वर पाड्यावर गेलो. सर म्हणाले, "तुम्ही जा. माझ्याच्यानं तिच्यासमोर उभं राहवणार नाही."

घराचं दार उघडं होतं. वाळत घातलेल्या मुळ्या, साली, बियांच्या पुरचुंड्या, जे आधी आढ्याला टांगलेलं असायचं, त्यातलं काही दिसत नव्हतं. वारलेल्या बाईचे नातेवाईक आले होते, त्यांनी सगळं नाल्यात टाकलं. अडवायला गेलेल्या हिलालभाऊंना त्यांनी ढकललं. त्यांचा हात मनगटाजवळ मोडला. ते खाटेवर बसले होते, हाताला प्लास्टर. त्या सगळ्या डोंगरपट्ट्यात ज्या बाईनं माणसांची हाडं बसवली, तिनं स्वतःच्या नवऱ्याला जीपमध्ये घालून सरकारी दवाखान्यात नेलं होतं. सून आम्हाला दाराबाहेर हळूच म्हणाली, "बोट पन लावं नही तिनी. म्हने, मन्हा हातवर आते मन्हाच भरोसा नही."

ताईबाई चुलीपाशी होती. दीपमाला तिच्यासमोर खाली बसली. काय बोलायचं ते तिनं एसटीत ठरवून आणलं होतं, मला म्हणून दाखवलं होतं.

"मी सांगेल व्हतं ना तुले?" ताईबाईनंच विचारलं.

"हो अक्का. सांगितलं होतं."

"तू लिखेल व्हतं. मी देखं तुले लिखताना."

"लिहिलं होतं. छापताना काढून टाकलं."

"कसाले?"

दीपमालाकडे उत्तर होतं: परीक्षक, पद्धत, पुढचा निबंध. तिनं ते सांगायला सुरुवात केली आणि मधेच थांबली. ताईबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"तुन्हा बाप गया आसं आयकं मी."

दीपमालानं मान हलवली.

"कितला वरीसना व्हता?"

"चौसष्ट."

ताईबाईनं हात पुढं करून तिच्या डोक्यावर ठेवला. दीपमाला तेव्हा रडली. वडील गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, आणि ते तिथं, त्या घरात, ज्या बाईची माफी मागायला आली तिच्या हाताखाली. मला बघवेना. मी अंगणात आले.

सुनेनं भाकरी आणि उडदाचं वरण वाढलं. जेवताना मीच मूर्खासारखं, काहीतरी बोलायचं म्हणून, कुंपणावरच्या एका वेलीकडे बोट केलं आणि विचारलं, "अक्का, हिला काय म्हणतात?" ती वेल मला माहीत होती. मागच्या खेपेला तिचे चार उपयोग ताईबाईनंच सांगितले होते.

ताईबाईनं तिकडे बघितलंसुद्धा नाही. "माले आते काहीच याद नही," ती म्हणाली.

सून नंतर जीपपर्यंत सोडायला आली तेव्हा तिनं सांगितलं की पाड्यातली माणसं अजून येतात, त्यांचा राग नाही. कान दुखणारं लेकरू घेऊन एक बाई तीनदा येऊन गेली. ताईबाई दार लावून घेते. सुनेला तिनं थोडंफार शिकवायला घेतलं होतं, तेही बंद केलं.

निघताना ताईबाई दाराशी आली. दीपमालाला म्हणाली, "त्या कागदवरथीन मन्हं नाव काढी टाक, माय."

"काढते, अक्का."

"नक्की काढ. मन्हा नातू शिकी ऱ्हायना. कधी त्याना हातमा पडी जाई."

धुळ्याला आल्यावर दीपमालानं नियतकालिकाला पत्र लिहिलं. दुरुस्ती छापावी आणि आभारातलं नाव काढावं, अशा दोन मागण्या. दुरुस्ती ऑक्टोबरमध्ये आली: या वनस्पतीचा पारंपरिक वापर केवळ बाह्य असून मूळ निबंधात हे नमूद करायचे राहून गेले. राहून गेले हे शब्द संपादकांचे. दीपमालानं 'वगळले' असं लिहिलं होतं. तिनं दुरुस्तीचं मराठी करून, त्यात स्वतःचा शब्द परत घालून पत्रकं छापली. साक्री, पिंपळनेर, धुळे, भुसावळ, जिथं जिथं पुड्या गेल्या असतील तिथल्या बसस्थानकांवर आणि आठवडे बाजारात आम्ही दोघींनी रविवारी जाऊन ती वाटली. औषध प्रशासनाला पत्र मी पाड्यावरून आल्याच्या आठवड्यातच लिहिलं होतं. बन्सीलालचा माल जप्त झाला. तोपर्यंत मुळ्या गोळा करणाऱ्यांनी पिंपळनेरच्या वरचे नाले खणून काढले होते. मी तीन ठिकाणी फिरले, मला गाठेलीची एक वेल दिसली नाही.

विषारीपणाचा निबंधही तिनं पूर्ण केला. उरलेल्या अर्कावर. अठ्ठावीस दिवस दिल्यावर उंदरांच्या यकृताचं काय होतं, त्याचे फोटो त्यात आहेत. सरांनी मार्गदर्शक म्हणून नाव घालायला नकार दिला. ती म्हणाली, तुमचं नाव राहू द्या, सर, आधीच्यावर आहे तसं याच्यावरही. सर निवृत्त होऊन आता नाशिकला मुलाकडे असतात.

केसरबाई लेकीला एका शब्दानं बोलल्या नाहीत. फक्त, आधी फोनवर त्या विचारायच्या, आज प्रयोगात काय केलं वं? ते विचारणं थांबलं. जेवली का, एवढंच विचारतात.

दुसऱ्या मागणीचं उत्तर डिसेंबरमध्ये आलं. मी तिच्या टेबलाशी उभी होते. संपादकांनी नम्रपणे कळवलं होतं की प्रकाशित निबंधातला कोणताही मजकूर नियमानुसार काढता येत नाही, तो कायमचा नोंदीत राहतो. दीपमालानं ते दोनदा वाचलं आणि संगणक बंद केला.

संक्रांतीच्या आधी आम्ही पाड्यावर जाऊन आलो. हिलालभाऊंचा हात बसला होता, थोडा वाकडा. ताईबाईनं आम्हाला ओळखलं, बसायला घोंगडी दिली. बोलता बोलता तिनं विचारलं, "काढं का मन्हं नाव?"

"काढलं, अक्का," दीपमाला म्हणाली.

ताईबाईनं मान डोलावली आणि सुनेला चहा ठेवायला सांगितलं.